गतकाळाचा पडदा आणि नवरगावची सून

ज्या चित्रपटाची कथा, तो चित्रपट तयार झाला त्या वर्षाच्या बऱ्याच आधी घडते, आणि ज्यात त्या काळची घरे, लुगडी, भांडी, बोली व चालीरीती नव्याने उभ्या कराव्या लागतात, त्याला चित्रपटसृष्टीत ‘पीरियड फिल्म’ म्हणतात. बोलण्याच्या सोयीसाठी त्यास ‘कालपट’ म्हणता येईल. राजे, लढाया आणि सनावळी असलेला ऐतिहासिक चित्रपट हा कालपटाचा एक प्रकार आहे, परंतु तो एकमेव प्रकार नव्हे. 50 वर्षांपूर्वीच्या खेड्यातील गोठा पडद्यावर उभा करणे हेही कालपटाचेच काम आहे, आणि पुष्कळदा ते पेशव्यांचा दरबार उभा करण्यापेक्षा अवघड असते, कारण दरबार पाहिलेला माणूस आज कोणी हयात नाही, गोठा मात्र प्रेक्षागृहातील कितीतरी बायकांनी स्वतःच्या हातांनी झाडलेला असतो.

असा चित्रपट पाहताना प्रेक्षकाने दोन वर्षे मनाशी धरून ठेवावीत. पहिले वर्ष कथा घडते ते, आणि दुसरे चित्रपट निर्माण झाला ते. कालपट बोलतो पहिल्या वर्षाबद्दल, परंतु बोलतो तो दुसऱ्या वर्षातील माणसांशी, आणि त्यांना काय ऐकायला आवडेल, काय सोसवणार नाही, कोणत्या गोष्टीवर त्यांचे डोळे भरून येतील, याचा अंदाज घेऊनच दिग्दर्शक गतकाळातील घटनांची निवड करतो. पुरुषप्रधान समाजातील, म्हणजे ज्या समाजात जमीन, पैसा, नाव आणि निर्णय यांची मालकी परंपरेने पुरुषाकडे असते अशा समाजातील, स्त्रीचा झगडा जेव्हा कालपटाचा विषय होतो, तेव्हा ही निवड विशेष बारकाईने तपासावी लागते. कारण जुन्या काळच्या बाईचे हाल दाखवणे सोपे असते, ते हाल कोणाच्या फायद्याचे होते हे दाखवणे मात्र तितके सोपे नसते.

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या श्रोत्यांना हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या वाड्यात किंवा कोकणातल्या माजघरात जाण्याची गरज नाही. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि 2010 साली प्रदर्शित झालेल्या ‘मी सिंधुताई सपकाळ’ या मराठी चित्रपटाच्या नायिकेचे सासर याच तालुक्यातील नवरगाव, आणि माहेर वर्ध्याला लागून असलेले पिंपरी मेघे. पुढे अनाथ मुलांची माय झालेल्या या खऱ्या सिंधुताईंचा जन्म 14 नोव्हेंबर 1948 चा. वडील गुरे राखणारे. मुलगी नकोशी म्हणून तिला घरात ‘चिंधी’ म्हणत. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरे चरायला सोडून जमेल तशी. बाराव्या वर्षाच्या आसपास वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी तिचे लग्न लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलीच्या लग्नासाठी किमान 14 वर्षांची अट घालणारा शारदा कायदा 1929 सालीच झाला होता आणि 1949 मध्ये ती मर्यादा 15 वर्षांवर नेण्यात आली होती. म्हणजे हे लग्न लागले तेव्हा कायदा तीस वर्षांचा जुना होता, गांधीजींचा सेवाग्राम आश्रम हाकेच्या अंतरावर होता, आणि तरीही अंतरपाट धरला गेला. कालपट पाहताना ‘त्या काळी असेच चालायचे’ असे म्हणून प्रेक्षक सुटका करून घेतो, तेव्हा त्या काळी नक्की कोणता कायदा लागू होता हे ठाऊक असलेले बरे.

या चित्रपटाला 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, रूपांतरित पटकथेसाठी महादेवन व संजय पवार यांना, संवादांसाठी संजय पवार यांना आणि पार्श्वगायनासाठी सुरेश वाडकर यांना गौरविण्यात आले. तरुण सिंधुताईची भूमिका तेजस्विनी पंडित यांनी केली, आणि उतारवयातील सिंधुताई ज्योती चांदेकर यांनी. या दोघी प्रत्यक्षातही मायलेकी असल्यामुळे चेहऱ्याची ठेवण, हनुवटीची वळणे आणि नजरेची धार एका वयातून दुसऱ्या वयात सहज उतरते, आणि रंगभूषेने जे साधले नसते ते रक्ताच्या नात्याने साधते.

चित्रपटाची जी दृश्ये लोकांच्या आठवणीत राहिली आहेत ती सर्वांना माहीत आहेत: दिवस भरलेल्या बाईला नवऱ्याने केलेली मारहाण, गोठ्यात झालेले बाळंतपण, दगडाने तोडलेली नाळ, आणि स्मशानातल्या चितेच्या विस्तवावर भाजलेली भाकर. ही दृश्ये पाहून हुंदका येतो आणि तो यावाच. परंतु रसास्वाद, म्हणजे कलाकृती समजून घेऊन तिचा आनंद घेणे, हुंदक्यापाशी थांबत नाही. या सर्व दृश्यांच्या आधी एक प्रसंग येतो, जो रडू आणत नाही म्हणून पुष्कळदा विसरला जातो, आणि चित्रपटाचा खरा कणा तोच आहे. तो प्रसंग शेणाचा आहे.

जंगलाच्या कडेच्या गावात शेकडो गुरे असत, आणि त्यांचे शेण गोळा करणे, त्याच्या गोवऱ्या थापणे, त्या वाळवून रचून ठेवणे हे काम बायकांचे. पहाटेच्या थंडीत हाताने शेण उचलताना बोटे बधिर होतात, आणि उन्हाळ्यात पाठ भाजून निघते. गावातील एक धनदांडगा माणूस वनखात्यातील माणसांशी संगनमत करून हे शेण विकून पैसे करी, आणि शेण वेचणाऱ्यांच्या हाती काही पडत नसे. सिंधुताईंनी या हिशेबाला तोंड फोडले; तक्रार इतकी वरपर्यंत गेली की खुद्द जिल्हाधिकारी गावात आले, त्यांना बायकांचे म्हणणे पटले आणि त्यांनी तसा आदेश दिला. या लढ्यात ना जयजयकार होता, ना कंदिलाच्या उजेडात घेतलेली शपथ. कामाचा दाम मागणारी एक अर्धशिक्षित सून होती. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा देशात 1976 साली झाला. सिंधुताईंच्या मुलीचा जन्म 1973 चा, आणि शेणाचा झगडा त्याच्याही आधीचा.

हरलेल्या माणसाने त्यानंतर जे केले ते पुरुषप्रधान व्यवस्थेच्या अभ्यासकाने मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्याने हिशेबाला हिशेबाने उत्तर दिले नाही. त्या गरोदर बाईच्या पोटातले मूल आपले आहे, अशी आवई त्याने उठवली. हिशेबाच्या भांडणाला त्याने चारित्र्याच्या भांडणाचे रूप दिले, आणि मग पुढचे सारे काम नवरा, सासर, गाव आणि शेवटी माहेर यांनी आपणहून केले. धनदांडग्याला बोटही उचलावे लागले नाही. बाईने मजुरी मागितली तर तिच्या पदराला हात घालायचा, ही जुनी युक्ती आहे, आणि ती नवरगावपुरती कधीच नव्हती. आजही गावाच्या राजकारणात ती ज्या सहजतेने वापरली जाते ते पाहता, या प्रसंगाला जुना काळ म्हणताना जीभ अडखळावी.

म्हणून हा चित्रपट पुन्हा पाहताना एक कसोटी लावून पाहावी. मारहाणीचे दृश्य आले की नवऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता, त्याला हा राग कोणी पुरवला, याची साखळी मनात जुळवत मागे जावे. संकलन, म्हणजे चित्रित झालेले तुकडे एकापुढे एक जोडून त्यांतून अर्थ निर्माण करण्याची कला, येथे महत्त्वाची ठरते. शेणाचा प्रसंग आणि मारहाणीचा प्रसंग यांच्यामध्ये किती वेळ गेला, त्या वेळात कोणाकोणाचे चेहरे दिसले, अफवा कोणाच्या तोंडून कोणाच्या कानापर्यंत गेली, हे पाहणारा प्रेक्षक चित्रपटाचे व्याकरण वाचू लागतो. जो केवळ मारहाण पाहतो, त्याच्या लेखी ही एका तापट नवऱ्याची गोष्ट राहते, आणि तापट नवरा ही व्यवस्था नसून अपवाद आहे असे समजून तो निश्चिंत मनाने घरी जातो.

चित्रपटाची मांडणी पूर्वदृश्य पद्धतीची आहे. पूर्वदृश्य, म्हणजे ज्यास सर्वसाधारणपणे फ्लॅशबॅक म्हणतात ते, वर्तमानातील पात्राच्या आठवणीतून भूतकाळ उलगडण्याचे तंत्र होय. भाषणासाठी अमेरिकेला निघालेली, नऊवारी लुगड्यातील वयस्क बाई विमानप्रवासात आपले आयुष्य आठवते, आणि वर्धा जिल्ह्यातील मातीच्या वाटा त्या ढगांमधून वर येतात. या रचनेचा मोठा लाभ असा की गोष्ट तिच्या नजरेतून, तिच्या स्वरात सांगितली जाते. ती कोणाच्या दयेचा विषय राहत नाही, स्वतःच्या आयुष्याची निवेदिका होते. परंतु याच रचनेची एक किंमतही आहे. बाई विमानात बसलेली आहे हे पहिल्यापासून माहीत असल्यामुळे प्रेक्षकाला तिच्या जिवाची धास्ती वाटत नाही, आणि शेवटी सगळे नीट झाले या समाधानाची सोय आधीच करून ठेवलेली असते. ज्यांचे नीट झाले नाही, ज्या गोठ्यातून उठल्याच नाहीत, त्यांच्यापैकी कोणीही विमानात बसून आठवणी सांगत नाही. कर्तबगार स्त्रियांवरील बहुतेक सर्व कालपटांना हा दोष चिकटलेला असतो, आणि तो दिग्दर्शकाने टाळला नाही तर निदान प्रेक्षकाने तरी ओळखावा.

नभोवाणीच्या श्रोत्यांना ध्वनीचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी, तरी चित्रपट पाहताना कान मिटून घेण्याची सवय पुष्कळांना असते. त्यासाठी 1937 च्या ‘कुंकू’ चा दाखला घ्यावा. व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी केलेला, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील हा चित्रपट त्याच्या काळात कालपट नव्हता, चालू काळाचीच गोष्ट होती. आज मात्र तो जणू त्या काळाचा दस्तऐवज झाला आहे. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायचे साफ नाकारते, आणि या संपूर्ण चित्रपटात वातावरण निर्माण करणारे बाहेरचे पार्श्वसंगीत वापरलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातलेच. भिंतीवरचे घड्याळ टोले देते, तेव्हा तो केवळ वेळ नसतो, केशवराव दाते यांनी उभ्या केलेल्या काकासाहेबांच्या सरलेल्या वयाचा तो हिशेब असतो. नीरा रडून दाखवत नाही, ती नकार देते, आणि तो नकार मोठा वाटतो याचे एक कारण असे की त्याला उचलून धरायला एकही व्हायोलिन पुढे येत नाही. पुढील काळातील कालपट बाईच्या दुःखावर इतके संगीत ओततात की तिचे स्वतःचे म्हणणे त्यात बुडून जाते. ‘मी सिंधुताई सपकाळ’ पाहतानाही संगीत कोठे सुरू होते आणि कोठे थांबते याकडे कान द्यावा. बोलीचा मुद्दा तर सेलूच्या श्रोत्यांच्या हातातला आहे, कारण पडद्यावरची वऱ्हाडी-नागपुरी लकब कोठे अस्सल उतरली आणि कोठे पुणेरी झाली हे सांगण्याचा अधिकार मुंबईच्या समीक्षकापेक्षा त्यांचाच अधिक आहे.

नजर कोणाची, हा प्रश्न महेश मांजरेकर यांच्या 2012 च्या ‘काकस्पर्श’ मध्ये फार तीव्र होतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या कोकणातील ब्राह्मण कुटुंबात, लग्नानंतर लगेच विधवा झालेल्या उमाचे केशवपन, म्हणजे विधवेचे केस उतरविण्याची सक्तीची रूढी, तिचा दीर हरी होऊ देत नाही. प्रेक्षक हरीला सुधारक म्हणून डोक्यावर घेतो, आणि सचिन खेडेकरांचा अभिनयही तसाच भारदस्त आहे. परंतु भावाच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता तेव्हा हरीने पुटपुटून एक वचन दिले होते, आणि उमेला दुसऱ्या कोणाही पुरुषाचा स्पर्श होणार नाही असे ते वचन होते, हे शेवटी उघड होते. एक पुरुष जिवंत, एक मृत, मध्ये साक्षीला कावळा, आणि जिच्या सबंध आयुष्याचा तेथे सौदा झाला तिला त्याची वार्ताही नाही. दिग्दर्शकाला ही प्रेमाची शोकांतिका वाटते. चिकित्सक प्रेक्षकाला ती शोकांतिका मान्य करूनही तिच्यात दयाळू मालकीचे दर्शन घडते, आणि दयाळू मालकी ही मालकीच असते हे त्याच्या लक्षात येते. विधवांच्या केशवपनास नकार देणारा नाभिकांचा संप नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये मुंबईत घडवून आणला होता. त्या वस्तऱ्यांवर कालपट निघाला असता तर विधवेची गोष्ट माजघराबाहेर पडली असती.

‘आनंदी गोपाळ’ या समीर विद्वांस यांच्या 2019 च्या चित्रपटात चौकटीचे, म्हणजे पडद्याच्या चार कडांमध्ये कोणाला किती जागा मिळाली आहे याचे, निरीक्षण करावे. लग्नाआधी मुलीला शिकवण्याची अट घालणारे गोपाळराव बराच काळ चौकट व्यापून असतात, आणि अवघ्या काही दिवसांचे मूल गमावल्यानंतर डॉक्टर होण्याची इच्छा जेव्हा आनंदीबाईंची स्वतःची होते, तेव्हा ती चौकट त्यांच्याकडे वळते. हा बदल चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवला आहे. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी वयाच्या 22 व्या वर्षापूर्वीच मृत्यू, या दोन तारखांमध्ये एक वर्षही नाही, हे ठाऊक असणाऱ्या प्रेक्षकाला त्यातील आनंदी प्रसंगही अवघड वाटतात.

मजुरीच्या दृष्टीने नवरगावच्या गोष्टीला सर्वांत जवळचा चित्रपट मराठी नाही. केतन मेहता यांच्या 1987 च्या ‘मिर्च मसाला’ मध्ये, इंग्रजी अमदानीतील गुजरातेत, सुभेदाराच्या वासनेला नकार देणारी सोनबाई मसाल्याच्या कारखान्यात आसरा घेते, आणि शेवटी तिखट कुटणाऱ्या बायकांच्या हातातले तिखट हेच त्यांचे शस्त्र होते. स्मिता पाटील यांची ही भूमिका आणि त्यांच्याच ‘भूमिका’ मधील, हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये बेतलेली उषा, या दोघी लागोपाठ पाहण्याजोग्या आहेत. एकीच्या बाजूला इतर बायका आहेत, दुसरी अखेरपर्यंत एकटी आहे, आणि दोघींमधला सारा फरक तेवढाच आहे.

सिंधुताईंच्या चरित्रातील एका गोष्टीवर मतभेद होणे स्वाभाविक आहे. ज्या नवऱ्याने हाकलले तो म्हातारपणी परत आला तेव्हा त्यांनी त्याला पती म्हणून नव्हे, आपण सांभाळलेल्या अनाथ लेकरांपैकी एक म्हणून आपल्या आश्रमात जागा दिली. प्रेक्षक या क्षमेवर टाळ्या वाजवतो. क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या अटींवर वापरला, हे त्यातील मोठेपण. परंतु 2010 च्या प्रेक्षागृहात बसलेल्या, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा ऑक्टोबर 2006 पासून अमलात आल्यानंतरच्या प्रेक्षकाने तीच क्षमा प्रत्येक मार खाणाऱ्या बाईकडून मागणे हा त्या चित्रपटाचा गैरवापर होईल. शेणाच्या पैशाचा हिशेब मागणारी सिंधुताई क्षमा करणाऱ्या सिंधुताईइतकीच खरी आहे, आणि रसिकाने तिच्या बाजूने थोडे अधिक उभे राहण्यास हरकत नाही.

मराठी कालपटाने आजवर ज्या स्त्रिया निवडल्या त्यांत वाड्यातल्या आणि माजघरातल्या पुष्कळ, शेतातल्या व वस्तीतल्या फार थोड्या. सेलूपासून तासाभराच्या अंतरावरील नागपुरात जुलै 1942 मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती, आणि तेथे घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी व कामगार स्त्रियांसाठी सवलती मागणारे ठराव झाले होते. एवढे मोठे दृश्य अद्याप मोठ्या पडद्याची वाट पाहत आहे. कापूस वेचणीच्या मजुरीचे, सातबाऱ्यावर बाईचे नाव नसण्याचे, सरपणासाठी जंगलात शिरल्यावर भरलेल्या दंडाचे कालपट फारसे दिसत नाहीत. ते कोणी काढील तेव्हा त्यास कपड्यांचे रंग आणि घरांचे नमुने संग्रहालयात सापडतील, परंतु वेचणीचा भाव काय होता, हिशेब कोण ठेवी, आणि पैसे कोणाच्या हातात पडत, हे फक्त माणसांच्या आठवणीत सापडेल. म्हणून 1970 च्या आधी लग्न होऊन या तालुक्यात आलेल्या ज्या आजी आज घरोघरी आहेत, त्यांना सोबत बसवून श्रोत्यांनी हा चित्रपट पाहावा, शेणाच्या प्रसंगापाशी तो थांबवावा, आणि त्यांच्या गावी हे काम कसे चाले ते त्यांना विचारून लिहून ठेवावे.